यात साखर किती आहे?

माझ्या भाचीचं, दामिनीचं, लग्न मोडलं ते एका पार्कातल्या हॉटेलात, पावभाजीच्या काउंटरसमोर. लोक अजून मला विचारतात, "कामिनीताई, मुलाकडच्यांनी नकार दिला का?" नाही. तिनं दिला. मी तिथेच होते, म्हणून जे झालं तेच सांगते.

दामिनी नऊ वर्षांची असताना अचानक वाळत गेली. सारखी तहान, सारखी थकलेली. उमरेडच्या घरी सगळ्यांना वाटलं, उन्हाळा लागला. एका सकाळी पोरगी उठेचना. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते जन्मभर टोचून घ्यावं लागेल. माझी बहीण मैना तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. आमचं घर विणकरांचं. पण हातमाग तोवर बंद पडला होता आणि भाऊजी, म्हणजे मैनाचे यजमान ताराचंद, हिंगण्याला कंपनीत लागले होते. दवाखाना जवळ हवा म्हणून त्यांनी नागपुरातच, हुडकेश्वरला घर केलं.

मैनानं पोरीला जपलं, पण लपवलंही. "पोरीची जात आहे वं, उद्या लगन करायचं आहे," असं ती म्हणायची. नातेवाइकांना सांगायची, पोरीला गोड आवडत नाही. मग प्रत्येक लग्नात कोणीतरी आग्रह करायचंच. बाराव्या वर्षी एका काकूनं तिच्या ताटात बळंच जिलबी वाढली. "खा वं, एका दिवसानं काही नाही होत." दामिनीनं जिलबी उचलून परत काकूच्या ताटात ठेवली. "तुमाले नाही होत, काकू. मले होते." मैनानं घरी आल्यावर तिला चांगलंच झापलं. पोरगी रडली नाही.

ती शिकली ते वेगळंच. कोणत्या पोळीनं किती शुगर वाढते, भात किती वाट्या चालतो, बाहेरच्या चटणीत गूळ आहे का, हे सगळं ती विचारून, मोजून, प्रसंगी चुकून शिकली. जेवणात काय आहे ते कळलं तरच इन्सुलिन किती घ्यायचं ते कळतं. जास्त घेतलं तर चक्कर येऊन पडायचं, कमी घेतलं तर शुगर चढायची. पुढे ती सीताबर्डीला एका मोबाईलच्या दुकानात लागली आणि चांगली विकायला लागली.

मागच्या वर्षी अभिजीतचं स्थळ आलं. मानेवाड्याचं घर, मुलगा खासगी बँकेत. दामिनीनं आईला आधीच बजावलं, "त्याहीले अगोदर सांग." मैना म्हणाली, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊ दे, मग सांगू. शेवटी दामिनीनं स्वतःच अभिजीतला भेटून सांगितलं. तो म्हणाला, "मले काही प्रॉब्लेम नाही. फक्त आईले आत्ताच नको सांगू." मुलगा समजूतदार निघाला, या आनंदात तिनं तेवढं मानलं. मला हे तिनंच सांगितलं होतं. मैनालाही माहीत होतं.

साक्षगंधाच्या आधी अभिजीतची आई रुखमाबाई म्हणाली, दोन्ही घरांनी एक दिवस मोकळेपणानं सोबत घालवू. म्हणून एका रविवारी आम्ही उमरेड रोडच्या पुढे नव्यानं झालेल्या रंगलोक पार्कात गेलो. मैना, दामिनी आणि मी. तिकडून अभिजीत, रुखमाबाई आणि त्याचे वडील चंपतराव. भाऊजींची ड्युटी होती.

गेटवर बॅगा तपासत होते. दामिनीच्या बॅगेतून डबा निघाला. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, उकडलेले हरभरे. गेटवरची बाई म्हणाली, "बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हे मले लागते," दामिनी म्हणाली.

"आत हॉटेल आहे ना."

दामिनी पुढे बोलणार, तेवढ्यात मैनानंच डबा त्या बाईच्या हातात दिला. मग बॅगेतून इन्सुलिन टोचायचं पेन निघालं. "हे काय आहे?"

"माझं आहे ते," मैना झटकन म्हणाली. "मले शुगर आहे."

"अरे बाप्पा, मैनाबाई! तुमी कधी बोलल्या नाही," रुखमाबाई कळवळून म्हणाली. मैना कसनुशी हसली. दामिनीनं आईकडे एकदा पाहिलं आणि पेन उचलून स्वतःच्या बॅगेत ठेवलं.

झोपाळे झाले, पाण्यातले खेळ झाले. दुपारी सगळ्यांना भूक लागली. हॉटेलात पावभाजी, मंचुरियन, छोले भटुरे, बर्गर, लाल-पिवळी सरबतं. भिंतीवर पदार्थांचे मोठाले फोटो होते. चंपतरावांनी सगळ्यांसाठी पावभाजी सांगितली. दामिनी काउंटरवर गेली.

"भाऊ, भाजीत साखर घालता का?"

काउंटरवरचा माणूस हसला. "चांगली लागते, मॅडम. घेऊन पाहा."

"चांगली लागतच असेल. साखर आहे का? अन् किती?"

"ते आम्हाले नाही मालूम. मसाला तयार येते."

"साधी पोळी, वरण मिळेल?"

"मेनूत जे आहे ते."

"मंग मेनूत जे आहे त्यात काय काय आहे, ते कुठं लिहिलं आहे?"

मागे रांग वाढत होती. एक जण ओरडला, "ओ ताई, खायचं असेल त खा, नाही त बाजूले व्हा." मॅनेजर आला. शर्टवर सुशील अशी पट्टी होती. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, लोक इथे मजा करायला येतात. हे फूड आहे, औषध नाही."

मैनानं दामिनीचा दंड धरला. "चाल वं. एका दिवसानं काय होते?"

दामिनीनं हात सोडवला. आवाज चढवला नाही, पण सगळ्या हॉटेलाला ऐकू गेलं.

"मले काय होते ते मी सांगते. मी नऊ वर्षांची होती तेव्हापासून मले शुगर आहे. ते पेन आईचं नाही, माझं आहे. जेवणात काय आहे ते कळल्याशिवाय मी इन्सुलिन घेऊ शकत नाही अन् जेवू शकत नाही. माझा डबा तुमी गेटवर काढून घेतला. आता इथे काय आहे ते सांगत नाही. मी मोबाईल विकते. गिऱ्हाईक बॅटरीपासून काचेपर्यंत सगळं विचारते अन् मले सांगावं लागते. तो फोन खिशात जाते. हे पोटात जाते."

रुखमाबाईनं चमचा खाली ठेवला.

सुशील म्हणाला, "हेड ऑफिसला मेल करा."

"मले आत्ता भूक लागली आहे," दामिनी म्हणाली. "मसाल्याचं रिकामं पाकीट दाखवा. मागं छापलेलं असते."

"किचनमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही."

"मी कुठं आत येऊन राहिली?" असं म्हणून ती हॉटेलाला वळसा घालून मागे गेली. मी धावत तिच्या मागे. स्वयंपाकघराच्या दाराशी कचऱ्याचा निळा ड्रम होता. माझ्या भाचीनं, जिचं पुढच्या महिन्यात साक्षगंध होतं, नव्या ड्रेसच्या बाह्या वर केल्या आणि त्या ड्रमात हात घातला. मसाल्याची थैली, पावाचं वेष्टण, सॉसच्या पुड्या, जे मिळालं ते बाहेर काढलं. नळावर धुऊन ती आत आली आणि पाकिटं काउंटरवर मांडून मोठ्यानं वाचायला लागली.

"भाजीचा मसाला. पहिलं मीठ, दुसरी साखर."

रांगेतली एक बाई पुढे सरकली. "ताई, यात शेंगदाणा आहे का बघा ना. माझ्या मुलाचं अंग सुजतं." दामिनीनं पाहिलं. होता. त्या बाईनं मुलासाठी घेतलेली प्लेट तशीच परत केली. एका म्हाताऱ्यानं मिठाचं विचारलं, त्याला बीपी होतं. मघाशी ओरडणारा माणूस आता सॉसची पुडी उन्हाकडे धरून बारीक अक्षरं वाचत होता. सुशील कोणाकोणाला फोन लावत राहिला.

शेवटी आतून आचारी बाहेर आला. छिंदवाड्याकडचा होता. "दीदी, हम लोगों के लिए रोटी-दाल बनी है. सादी है. चलेगी?"

"चलेगी भैया. दाल में शक्कर?"

"हम शक्कर वाली दाल नहीं खाते," तो म्हणाला, आणि अख्खी रांग हसली.

दोन पोळ्या, वरण, काकडी, दह्याची वाटी. दामिनी टेबलाशी बसली, बोटाला टोचून शुगर पाहिली, हिशेब केला आणि सगळ्यांसमोर पोटावर इन्सुलिन घेतलं. मग जेवायला लागली.

रुखमाबाई मुलाकडे वळली. "तुले मालूम होतं?"

अभिजीत ताटाकडे पाहत म्हणाला, "नाही."

मैनानं तोंडाला पदर लावला. मी बोलणार होते, पण दामिनीनं हातानंच मला थांबवलं. तिनं घास संपवला, पाणी प्यायलं.

"आमाले आता जरा विचार करावा लागेल," चंपतराव म्हणाले.

"काका, तुमी विचार नका करू. हे लगन मी मोडून राहिली." मग ती अभिजीतला म्हणाली, "माझी शुगर तुले चालत होती, पण तुझ्या आईसमोर चालत नाही. मले असं लपून-छपून नाही राहायचं."

ते तिघं उठून गेले. दामिनीनं उरलेली पोळी खाल्ली, कारण इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवण अर्धं सोडता येत नव्हतं.

ऑटोत मैना सारखी बोलत होती. "तोंड दाखवायले जागा नाही ठेवली. कचऱ्यात हात घातला वं माझ्या पोरीनं." दामिनी बाहेर पाहत होती. भाऊजी संध्याकाळी ड्युटीवरून आले. मैनानं रडत रडत सगळं सांगितलं. ते बूट काढत ऐकत राहिले. मग पोरीला एवढंच विचारलं, "तिथं नीट जेवली का तू?"

"जेवली, बाबा," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली.

पार्काला तिनं तक्रार पाठवली. उत्तर आलं नाही. दुसरी पाठवली. मग एका शनिवारी ती स्वतः गेली. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्या मुलाची आई, मयुरा, सोबत होती. त्या दिवशीच दोघींनी नंबर घेतले होते. पुढच्या खेपेला तिच्या दवाखान्यातले शुगरचे आणखी पेशंट आले. पार्कानं अखेर एक फलक लावला, कोणत्या पदार्थात काय आहे त्याचा. लावला तो संडासाकडे जाणाऱ्या भिंतीवर. दामिनी परत गेली. आता फलक काउंटरच्या वर आहे. अक्षरं अजून बारीक आहेत, सगळे पदार्थही नाहीत. डबा आत न्यायचा तर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. दामिनीला तेही मान्य नाही. "म्हाताऱ्या माणसाले घरची भाकर खायची असली त त्यानं डॉक्टरकडे काहून जायचं?" हे भांडण अजून चालू आहे.

गेल्या आठवड्यात मी हुडकेश्वरला गेले होते. मैना वाटाणे सोलत बसली होती. एका स्थळाचा फोन आला. पलीकडून मुलीचं वय विचारलं. मैना म्हणाली, "थांबा. पोरीले लहानपणापासून शुगर आहे, इन्सुलिन घेते. हे चालत असेल त पुढं बोलू." पलीकडून फोन कटला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फोन बाजूला ठेवला आणि नवी शेंग हातात घेतली.

"ठेवला त ठेवला," ती म्हणाली. "आपल्याले कोणती घाई आहे?"