सोनिवलीच्या बांधावरची चिमूट

म्हात्रे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या गच्चीवर, भर मे महिन्यात, उकिडव्या बसलेल्या. हातात चहाचा चमचा, शेजारी लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं. सिमेंटवरचा काळा पापुद्रा खरवडून त्या पाकिटात भरत होत्या. मी प्रयोगशाळेत परिचर म्हणून नुकताच लागलेला, अंगात नको तेवढा उत्साह! म्हटलं, "मॅडम, तुम्ही कशाला? मी आत्ता झाडून टाकतो." त्यांनी चमचा माझ्यावर रोखला. "हात तर लाव, मग बघते तुझ्याकडे!"

मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वर्गात भाषा एकदम पुस्तकी. पण या काळ्या पापुद्र्याचा विषय निघाला की बदलापूर गावातली आगरी बोली थेट जिभेवर यायची. "मेला नाय रे तो, निजलाय. पानी दाव, बग कसा उठतो." मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, बाई जरा सटकलेल्याच आहेत.

ते त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. दिवाळी उलटल्यावर त्यांनी एका पाकिटातल्या पापुद्र्याचे दोन भाग केले. एक पत्र्याच्या शेडवर, काचेच्या बशीत, उन्हात. दुसरा त्यांच्या घरच्या फ्रीजरमध्ये, मासळीच्या डब्यांमागे. घरचे काय बोलले ते विचारू नका. मे महिन्यात दोन्ही टेबलावर आले आणि मॅडमनी मलाच पाणी घालायला लावलं. बघता बघता पापुद्रे फुगले, मऊ झाले, आणि त्या काळ्या चुऱ्यातून हिरवा लुसलुशीत जीव वर आला. दोन्ही बश्यांत! "आयला!" मी मॅडमसमोरच ओरडलो आणि जीभ चावली.

"गोठल्यावर बाकीचे मरतात कशानं?" मॅडम म्हणाल्या. "आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फाटते. हा शहाणा स्वतःभोवती चिकट गोधडी करून राहतो. वाळायला लागला की आत एक साखर साठवतो, ती त्याचं नाजूक सामान सांभाळते. मग पाणी जाऊ देतो. आत पाणीच नाय, तर बर्फ कशाचा होनार?" त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. हिरव्या मण्यांच्या माळाच माळा, एकीत एक गुंतलेल्या. झाडं नव्हती, मासे नव्हते, तेव्हापासून यांचे पूर्वज पृथ्वीवर आहेत, असं त्या हळू आवाजात सांगत होत्या. उल्हासनगरात कॅम्प चारला आमच्या घराबाहेर आई जे जन्मभर ब्रशनं घासत आली, ते हे होतं.

सगळ्या पाकिटांत एक पाकीट मात्र मॅडम कधी उघडत नसत. त्यावर पेनानं एकच शब्द होता, 'सोनिवली'. तिथं त्यांच्या वडिलांचं भातशेत होतं. वडील गेले, भावांनी जमीन बिल्डरला दिली. जेसीबी लागायच्या आदल्या दिवशी मॅडम जाऊन बांधावरून चिमूटभर पापुद्रा घेऊन आल्या. आता तिथं टॉवर आहेत. "रिटायर झाली का घरी थाळीत उठवीन," त्या म्हणायच्या. "एकदा उठवला का रोज बगायला पायजे. आता येळ कुठं हाय?" त्या शेतातलं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

निवृत्तीला महिना राहिला आणि कॉलेजात तपासणीची कमिटी येणार म्हणून धावपळ सुरू झाली. मॅडम भाचीच्या हळदीला रजेवर. प्रिन्सिपॉल म्हणाले, "लॅब चकाचक पाहिजे." मी कॅम्पातून भलीमोठी काचेची बरणी आणली, झाडून सगळी पाकिटं तिच्यात रिकामी केली, वर कॉम्प्युटरवर छापलेली चिठ्ठी डकवली: नील-हरित शैवाल. पाकिटं रद्दीत. कमिटी खूश! सगळा एकसारखा काळा चुरा, त्यात वेगळं ते काय ठेवायचं, असं मला खरोखर वाटलं. सोनिवलीचं पाकीट त्यात गेलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

मॅडम परत आल्या. बरणीकडे बघत राहिल्या. "दिलीप, सोनिवली कुठाय?"

मी बरणीकडे बोट दाखवलं. त्या स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बरणीवरची चिठ्ठी नखानं सोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी बरणी ट्रेमध्ये पसरून पाणी घातलं. दुपारपर्यंत अख्खं टेबल हिरवं. दोन दिवस त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. कॅम्प चारच्या गटाराची भिंत, अंबरनाथचा कातळ, सोनिवलीचा बांध, कुठूनही आलेले असोत, मणी सारखेच दिसत होते. शेवटी मला राहवेना. "मॅडम, शिव्या तरी द्या हो मला."

त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते, पण हसत होत्या. "कोनाला शोधू रे यात? बाबांच्या बांधाव तरी हा कुठशी आला आसंल? वाऱ्यानी. कोनाकोनाच्या शेतानशी."

निरोपसमारंभ झाला त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "स्कूटर काढ." आम्ही सोनिवलीला गेलो. एका टॉवरच्या कंपाउंडला लागून मातीची अरुंद पट्टी होती, वरच्या पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्यानं ओली. मॅडमनी पर्समधून डबा काढला आणि त्यातला हिरवा लगदा चिमटीचिमटीनं मातीवर ठेवू लागल्या. तेवढ्यात वॉचमन आला. "मॅडम, इधर क्या कर रहे हो?"

"खेत है हमारा, भैया," मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "वापस रख रही हूँ."

त्यानं एकवीस मजल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हां," मी म्हटलं. "इनका ही है."