दुखण्याआधीची गोळी

दुखायला लागल्यावर औषध घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण दुखणं दाराशी येण्याआधीच त्याचा बंदोबस्त करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. नोकरी लागल्यावर मी त्यांच्या बोरिवलीच्या दोन खोल्यांत राहायला गेलो, तर पहिल्याच सकाळी त्यांनी चहाच्या बशीत डोकेदुखीची पांढरी गोळी ठेवली. "माझं डोकं दुखत नाहीये," मी म्हटलं. "नवी नोकरी ना? दुपारी दुखेल," असं म्हणून त्यांनी स्वतःची गोळी बिस्किटासारखी कुरकुर चावून टाकली. साहेबाने बोलावलं की एक, बोलावलं नाही तर काळजीने एक. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघाले की भाषणाआधी एक, घोषणा देऊन झाल्यावर एक. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला तिची मावशी उभी राहिली, तशी यांनी अक्षतांच्या मुठीतूनच गोळी तोंडात टाकलेली मी पाहिली आहे.

जेवणाचीही तीच तऱ्हा. भाजी हे गुरांचं खाणं आणि पाणी ही आंघोळीची वस्तू, असं त्यांचं ठाम मत. गोराईची कोळीण दारात आली की सुके बोंबील, त्यावर लोणच्याचा खार, पापड, सांडगी मिरच्या, आणि दिवसाला आठ-दहा कप चहा. आत्याने दुधी वाढला तर ते त्याच्याकडे न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखे बघत. पण माणूस मनाने मोठा! समोरच्या काकूंची मान, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचे गुडघे, कुणाचं काहीही दुखलं की हे गोळ्या घेऊन हजर. "घ्या, संध्याकाळी विचारायला येतो," म्हणायचे, आणि खरंच यायचे. अख्खी चाळ आपल्यामुळे धडधाकट आहे, याचा त्यांना केवढा अभिमान होता.

मग त्यांचीच कंबर दुखू लागली. साहजिकच त्यांनी गोळ्या वाढवल्या. पाय सुजले तेव्हा "चपला आटल्या" म्हणाले. शेवटी आत्या आणि मी त्यांना जवळजवळ ओढतच स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी तापवली, तर ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली.

"अरे वा, नासली की!" आतोबा कौतुकाने म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. "हे तुमच्या अंगातलं सत्त्व आहे. मूत्रपिंडांनी ते राखायचं आणि घाण बाहेर टाकायची. तुमची आता उलटं करतायत. या गोळ्यांवर आमच्या लोकांना अलीकडे संशय यायला लागलाय, त्यात तुमचं हे खारं खाणं. गोळी बंद, मीठ बंद, पाणी मी सांगेन तेवढं. नाहीतर वर्षसुद्धा कठीण आहे."

"पण कंबर दुखते, तिला तरी एखादी?"

"कंबर मूत्रपिंडांमुळेच दुखते हो!"

बाहेर आल्यावर "माका काय होवचा नाय" एवढंच ते आपल्या गावच्या मालवणीत म्हणाले. आत्याने घरातल्या गोळ्या मोरीत ओतल्या, तर तिसऱ्या दिवशी हे समोरच्या काकूंच्या दारात, "एखादी उसनी आहे का?" विचारत उभे. तेव्हा मात्र आत्याने पदर खोचला, परात उचलली आणि दारोदार फिरली. "यांनी दिलेल्या गोळ्या घरात असतील तर टाका यात." कुणी चहाच्या डब्यातून काढल्या, कुणी देव्हाऱ्यामागून, मास्तरांनी तर पुडीवर तारखा घालून ठेवल्या होत्या. परात आतोबांच्या खाटेवर आली तेव्हा तिच्यात सत्यनारायणाच्या प्रसादाला पुरतील एवढ्या गोळ्या होत्या. मागोमाग निम्मी चाळही आली.

आतोबा बघतच राहिले. "म्हणजे? काकू, तुमची मान?"

"अहो भाऊजी, बरं वाटतंय म्हटलं नाही तर तुम्ही आणखी दोन घेऊन यायचात! तुमचं मन कसं मोडायचं?"

सगळे हसले. आतोबाही हसले, पण मध्येच थांबले. "मग इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या कुणी?"

"तुम्ही एकट्याने," आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून त्यांनी गोळीला हात लावला नाही. पहिले काही दिवस डोकं असं उठायचं की फडकं घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अळणी दुधीसुद्धा खाऊ लागले, शिव्या देत का होईना. मूत्रपिंडं काही पूर्वीसारखी झाली नाहीत. पण डॉक्टरांनी वर्षाची खात्री दिली नव्हती, तिथे आतोबांनी तीन वर्षं काढली. मी तोवर जवळच वेगळी खोली घेतली होती. शेवटी शेवटी सकाळी डोकावलो की त्यांचा चेहरा सुजलेला असायचा, तरी मला आधी विचारायचे, "काय रे, कुठे दुखतंय का?" माझा फार जीव होता त्यांच्यावर, आणि ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

ते गेल्यावर महिन्याभराने एका रविवारी मी आत्याकडे जेवायला गेलो. त्यांना एकट्याला अळणी खायला लागू नये म्हणून ही तीन वर्षं तीही तसंच जेवत होती. आमटी पानात पडली आणि पहिल्या घासाला मला कळलं. मी हळूच म्हटलं, "आत्या, आता घालत जा ना गं मीठ."

"घालायचंच म्हणते रे रोज," ती म्हणाली. "पण बरणीकडे हातच जात नाही."