तेल प्यायलेला नायलॉन

तरुण संशोधकांसाठी भरलेल्या त्या परिसंवादात पहिल्या दोन रांगांमध्ये एकही तरुण नव्हता. विषय होता घर्षण आणि झीज. सकाळी दीप लागला, शाली पडल्या, नारळ फिरले, आणि ज्यांचा सत्कार झाला त्यांनी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार केला. आम्ही पीएच.डी.ची पोरं मागे बसून जांभया गिळत होतो. आमच्या वाट्याचा वेळ प्रत्येक शालीबरोबर आक्रसत गेला. मला त्या शालींचाच वीट आला, आणि अजून दुपार व्हायची होती.

माझं काम साधं होतं. कामठीच्या यंत्रमागांत फिरता दांडा ज्यात बसतो त्या पितळी बुशऐवजी नायलॉनचा बुश चालेल का, हे मी तपासत होते. नायलॉनची छोटी पिन फिरत्या पोलादी चकतीवर दाबून धरायची, वरून तेल सोडायचं, आणि आधी व नंतर पिनेचं वजन करायचं. वजन जेवढं घटलं तेवढी झीज. माझ्या गाइडचा नायलॉन जवळपास झिजतच नसे. गावोगावच्या परिसंवादांत ते हेच सांगत आणि शाल घेऊन परत येत.

मला ते पटेना. पिनेवर ओरखडे चांगले दिसायचे, मग वजन का घटत नाही? म्हणून एक कोरी पिन चकतीला न लावता नुसती तेलात बुडवून ठेवली. तिचं वजन वाढलं. नायलॉन तेल पीत होता. झिजून जे जायचं ते प्यायलेलं तेल भरून काढायचं, आणि आम्ही खूश. ओला कपडा तोलून तो विरला नाही म्हणावं, असला हा प्रकार.

हे मी एका स्लाइडवर मांडलं होतं. जेवणाच्या रांगेत, पाटवडीच्या रश्शाची वाटी हातात घेऊन, गाइड माझ्याजवळ आले.

"ती तेलाची स्लाइड काढून टाक," ते म्हणाले. "सगळं नीट चालू आहे, काहून फाटे फोडून राहिली तू? तुले डिग्री पाहिजे का नाही?"

एवढं बोलून त्यांनी वाटी तोंडाला लावली. रश्शावरची तेलकट तर्री मिशीवर आली, ती त्यांनी जिभेने चाटली. माझी भूक मेली.

लॅबमधली मैत्रीण मागेच उभी होती. "काढून टाक वं," ती म्हणाली. "सही त्यांचीच लागते. डिग्री झाल्यावर दाखवजो."

तिचं काही चुकत नव्हतं. सही नाही तर माझी इतकी वर्षं पाण्यात.

माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी पाच मिनिटांत आटपायला सांगितलं. मी बाकीच्या सगळ्या स्लाइड सोडल्या आणि ती एकच दाखवली. पहिल्या रांगेत बसलेल्या गाइडकडे मी पाहिलंच नाही. बोलून झालं. मग अध्यक्ष म्हणाले, हे फार मोलाचं निरीक्षण आहे, जुने आकडे पुन्हा तपासायला हवेत.

गाइड उठले. मला वाटलं, संपलं आपलं. त्यांनी माइक मागून घेतला.

"ही शंका मला पहिल्यापासूनच होती," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर मी हिला पिन तेलात ठेवायला सांगितलं."

टाळ्या पडल्या.

"आयत्या बिळावर नागोबा," मैत्रीण पुटपुटली, आणि टाळ्या वाजवत राहिली.

त्यांनी ते दडपलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी ते लाटलं; निष्कर्ष तर माझाच आणि खराच होता, त्याच्याविरुद्ध मी बोलणार तरी काय?

समारोपाला त्यांना आणखी एक शाल जाहीर झाली. विद्यार्थिनीच्या हस्ते, असं म्हणत मला स्टेजवर बोलावलं. मी ती त्यांच्या खांद्यांवर घातली. त्यांच्या मिशीला अजून तर्रीचा वास येत होता.