दाजींचा कॅरम

मी सूडबुद्धीचा माणूस आहे, हे माधवनगरच्या आमच्या गल्लीत कोणालाही खरे वाटणार नाही. माझा आवाज मुळात हळू आहे, आणि हळू बोलणाऱ्या माणसाला लोक क्षमाशील समजतात. त्या समजाच्या आडोशाने मी एका आजारी माणसाचा एकुलता एक विरंगुळा बंद पाडला आणि वर्षभराहून अधिक काळ ते कोणालाही कळू दिले नाही.

रागाचे मूळ भाचीच्या लग्नात होते. माझी थोरली बहीण, आक्का, साताऱ्यात दिलेली. दाजी सैन्यातून निवृत्त झालेले. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. त्यासाठी मी फेटा बांधून सकाळपासून तयार होतो. भटजींनी मामांना हाक मारली, तेव्हा दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मेव्हणं, तुमी लॅपटॉपकडं बसा. परदेशातली मंडळी नेटवरनं लगीन बघत्यात. ते बंद पडलं तर तुमच्याबिगर कोण हाय आमाला?"

आणि भाचीला घेऊन आले ते दाजींचे आटपाडीचे मित्र. पलटणीत असताना दोघे शेजारीशेजारी राहत, आक्का त्यांनाही राखी बांधत असे. म्हणजे नात्याने तेही मामाच. हे मला समजत होते. समजल्याने राग कमी होतो, असे मात्र नाही. मंडपातून कोणीतरी म्हणाले, "एक मामा मांडवात, एक मामा नेटवर," आणि सर्वांत मोठ्याने दाजी हसले. मेहुण्याने दाजींना उलट बोलायचे नाही, ही आमच्या घरची रीत. मी बोललो नाही. मी ते जपून ठेवले, लोणच्यासारखे, मुरत.

सांगलीतल्या एका महाविद्यालयाचे संगणक मी सांभाळतो. दाजींच्या घरचा संगणकही मीच बसवून दिलेला. त्याचा मुख्य पासवर्ड माझ्याकडेच होता. त्यावर दाजी आणि ते मित्र रोज संध्याकाळी सहा वाजता ऑनलाइन कॅरम खेळत. पलटणीतल्या बोर्डावरची चुरस दोघांनी पडद्यावर तशीच ठेवली होती. राणी गेली की दाजींची आरोळी रस्त्यावर ऐकू येई.

लग्नानंतरच्या भाऊबीजेला मी साताऱ्याला गेलो. आक्काने ओवाळले, पाटाभोवती रांगोळी काढली होती, करंज्या वाढल्या. जेवणानंतर दाजी म्हणाले, "मेव्हणं, जरा त्या डब्याकडं बघा की. लय हळू चालाय लागलाय."

मी संगणकासमोर बसलो. तो खेळ सर्व्हरला जोडला जाताना दर वेळी स्वतःच्या फोल्डरमध्ये एक लहानशी फाईल लिहीत असे. ती लिहिता आली नाही तर जोडणी होत नसे. आणि खेळ खरे कारण न सांगता 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' एवढेच दाखवी. विद्यार्थ्यांच्या संगणकावर ही अडचण मी कितीदा सोडवली होती. त्या दिवशी मी ती निर्माण केली. दाजींच्या खात्याकडून त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी काढून घेतली, संगणकाचा वेग खरोखरच वाढवून दिला आणि आणखी एक करंजी मागून घेतली. ती करंजी मला फार गोड लागली, हे लिहिताना आज मान खाली जाते.

दाजींचा फोन आला. मी म्हणालो, "लाईनचा दोष असेल." त्यांनी लाईन दुरुस्त करणाऱ्याला झापले, राउटर बदलला, शेवटी दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली. प्रत्येक बातमीला मी "अरेरे" म्हणत असे आणि फोन ठेवल्यावर चहा मागवत असे. चुकीच्या दाराशी डोके आपटणारा माणूस पाहण्यात केवढे सुख असते, हे मला पन्नाशीनंतर कळले.

मग एके दिवशी आक्काचा फोन आला.

"अरं, त्यांच्या दोस्ताचं तुला म्हाईत न्हाई का? लगनानंतर, दिवाळीच्या आधीच झटका आलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातानं माउस हलवून तेवढा कॅरम खेळायचा माणूस. दोघांचं तेच बोलणं व्हतं. आता रोज सहाला पडद्याम्होरं बसतोय आन् ह्यांची खुर्ची मोकळी दिसती. तू एकदा येऊन जा बाबा."

झटक्याचे मी ऐकले होते. वाचा गेल्याचे नव्हते. खरा अपराध येथून पुढचा आहे. मी त्याच रविवारी जाऊ शकलो असतो. पण मांडवातले ते हसू पुन्हा कानात वाजले आणि मी म्हणालो, "या रविवारी जमत नाही, पुढच्या बघतो." पुढच्या रविवारीही मी घरीच होतो.

अखेर गेलो. कोणाला शंका येऊ नये म्हणून आधी उगाच तारा काढल्या, घातल्या, राउटर बंद करून सुरू केला. मग गुपचूप परवानगी परत दिली. खेळ लगेच जोडला गेला. दाजी सहाला बसले, आठपर्यंत बसले. समोर कोणी आले नाही. कारण मित्राच्या पत्नीला फोन केल्यावर कळले. नवी जोडणी घेतल्याचे दाजींनी मित्राच्या पत्नीला उत्साहाने कळवले होते. त्यानंतरही दाजी दिसेनात, तेव्हा मित्राने ठरवले की नेट हे निमित्त आहे. पंगू माणसाला टाळायचे तर दुसरे काय सांगणार?

"तुमी तुमचं काम केलंसा," दाजी मला म्हणाले. "आमचंच नशीब."

त्यांनी मला दोष दिला असता, तर कदाचित मी तेव्हाच बोललो असतो.

गुडघ्यामुळे दाजींना प्रवास जमत नव्हता. शस्त्रक्रिया होऊन ते हिंडू लागेपर्यंत वर्ष उलटले. मग मीच गाडी चालवत त्यांना आटपाडीला नेले. वाटेत ते मित्राच्या गमती सांगत होते, आणि मी रस्त्यावरून नजर हलवली नाही.

मित्र ओसरीवर खुर्चीत बसले होते. दाजींना पाहताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. त्यांच्या पत्नीने पाणी पुढे केले. "आलासा व्हय, भाऊजी? नेट आलं का तुमचं?"

"मर्दा, खरंच बंद व्हतं रं," दाजी म्हणाले. "तुझी शप्पथ."

मित्राने डावा हात उचलून, माशी वारावी तसा, एकदाच हलवला. दाजी उभेच राहिले. सीमेवर नोकरी केलेला तो माणूस कोणाकडे बघावे हे न कळून माझ्याकडे बघू लागला, कारण नेट बंद असल्याची साक्ष देणारा तेथे मी एकटाच होतो.

मी खुर्चीजवळ खाली बसलो. माझा आवाज त्यांना ऐकू जाईल इतका मोठा काढायला मला कष्ट पडले.

"दाजी खोटं बोलत नाहीत. पण लाईन बंद नव्हती. खेळ मी बंद पाडला होता, मुद्दाम. ते रोज सहाला बसायचे आणि त्यांना काही दिसत नव्हतं."

भिंतीकडची मान हळूहळू वळली. माझ्याकडे नव्हे, दाजींकडे. मला थांबता आले असते. मी थांबलो नाही.

"लग्नातला राग होता. तुमची वाचा गेल्याचं कळल्यावरही मी दोन आठवडे तो सोडला नाही, आणि नंतर वर्षभर गप्प बसलो. दाजी, तुम्हीही ऐका. माझं चुकलं. तुम्हा दोघांचीही मी माफी मागतो."