शेवटच्या पानांचा चोर

राजुऱ्याजवळच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे रहस्यकादंबऱ्यांची एक मालिका आली. तिच्यातल्या ग्रंथपालबाई देवघेवीचं रजिस्टर आणि पुस्तकांत राहिलेल्या खाणाखुणा पाहून खुनी शोधायच्या. मी ती सगळी मालिका दोनदा वाचली. आपल्या कामाला कुणीतरी एवढं मोठं मानलं, याचंच मला अप्रूप होतं.

मग त्याच मालिकेतल्या तीन पुस्तकांची शेवटची पानं गायब असल्याचं लक्षात आलं. मी लगेच रजिस्टर काढलं. तिन्ही पुस्तकं नेणारी एकच होती, तलावातले मासे बाजारात विकणारी एक बाई. एका पुस्तकात माशाचा खवला सापडला. मला आणखी पुरावा नको होता.

शनिवारी पेपर वाचायला बसलेल्या सात-आठ जणांसमोर मी तो खवला तिच्यापुढे ठेवला.

"खवला माहाच आहे भाऊ," ती म्हणाली. "पण पानं मी कायले फाडू? खुनी कोन ते समजलं नाई मनून मीच चिडून राह्यली."

"कादंबरीतला चोरही असंच बोलतो," मी म्हणालो.

लोक हसले. एकानं वर टोमणा मारला, "मासोळ्या बांधाले कागद कमी पडला का बाई?"

मी तिचं सभासद कार्ड ठेवून घेतलं.

दिवाळीनंतर बाइंडर आला. त्याला द्यायची पुस्तकं काढताना कपाटात एक खाकी लिफाफा दिसला. सुटी झालेली पानं हरवू नयेत म्हणून मी ती काढून, दाखल क्रमांक टाकून, बाइंडिंगसाठी अशी जपून ठेवतो. तिन्ही पानं त्यात होती. क्रमांक माझ्याच अक्षरात होते.

त्याच दिवशी मी कार्ड घेऊन तिच्या घरी गेलो. ती अंगणात जाळं शिवत होती. मी सगळं सांगितलं, हात जोडले. तिनं कार्डाला हात लावला नाही.

"चोर म्हटलं तवा आठ जन होते भाऊ. आता माफी मांगाले एकटेच काऊन आले? त्याइच्यासमोर सांगा. मंग येईन मी."

त्यानंतर कितीतरी शनिवार गेले. तीच माणसं येऊन बसतात. मी बोलायला उठतो, कुणीतरी पेपरातून मान वर करतं आणि मी पंखा वाढवून परत बसतो.

परवा त्यांच्यातल्याच एकानं विचारलं, "ते पानं फाडनारी बाई मंग आली नाई का इथी?"

"नाही," मी म्हणालो.