वार्षिक सभा, उकडहंडीसह

नाव : नरहरी भास्कर चुरी. वय : अठ्ठावन्न. राहणार : तारापूर, वाडीसह. पूर्वीचा हुद्दा : पालघरच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून. सध्याचे पद : साठ सालच्या पदवीधर वर्गमित्र मंडळाचे आजीव चिटणीस. निवड : बिनविरोध, दुसरा कोणी उभा राहिल्याची नोंद नाही.

मंडळ चौऱ्याहत्तर साली निघालं. मुंबईच्या एका कॉलेजात एका वर्गात शिकलेले, पालघरकडचे नऊजण. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी नरहरीच्या वाडीत सभा आणि उकडहंडी : मातीच्या मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा ठासायच्या, तोंड पाल्यानं गच्च बंद करायचं आणि आगीवर शिजवायचं. सगळ्यांत उशिरा येणाऱ्यानं तो पाला ओढायचा, हा मंडळाचा रिवाज. मान दरवर्षी बोईसरच्या बन्सी मेहेरचा. मूळचा किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा हा गडी फाटकातूनच ओरडायचा, "चिटणीस, ठराव मागनं! आदी हंडी!"

गणपूर्ती पाचांची. पाच नसले तर सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी गणपूर्तीशिवाय सुरू. नियम नरहरीनं सहकारी सोसायटीच्या पोटनियमांतून उचलला होता. पहिली दहा वर्षं त्याची गरज पडली नाही. पुढे दोघे वारले, एक मुलाकडे बडोद्याला गेला, एकाला गुडघे धरले, उरलेल्यांना लग्नाच्या तारखा आड येऊ लागल्या. गेली तीन वर्षं नरहरी आणि बन्सी अर्धा तास समोरासमोर गप्प बसून सभा तहकूब ठेवत.

"बंद करा की आता," बायको, सुलू, म्हणायची. "दोन डोक्यांची कसली सभा?"

"एकजण येतोय तोवर मंडळ आहे."

शहाण्णव साली नेहमीसारखी कार्डं गेली : उपस्थित राहणार की नाही ते कळवावे. उत्तर एकाचंही नाही. बन्सी कधी कळवत नसे, सरळ यायचा.

अकराला सभा तहकूब झाली. साडेअकराला सुरू करायची, तर हंडी उघडायला माणूस नाही. "थांबू," नरहरी म्हणाला. "तो उशिराच येतो."

एक वाजता फाटकाशी बन्सीची बायको हंसा उभी. हातात कार्ड.

"भावजी, कळवा असं लिवलंय, म्हून कळवाला आले. हे दिवाळीच्या आदीच गेले. छातीत दुखलं, तासाभरात आटपलं."

"मला कोणी... कोणीच..."

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय. बाराव्यालाबी नाय आले तुमी. लय राग धरला होता मी. कारड आलं तवा कळलं, तुमाला ठावंच नाय."

सुलूनं तिला पाणी दिलं. नरहरी उठून मडक्याशी गेला. मग म्हणाला, "शेवटी येणाऱ्यानं उघडायची असते, वहिनी."

हंसानं पाला ओढला. खालची रताळी करपली होती. तिघांनी वरची खाल्ली.

संध्याकाळी नरहरीनं इतिवृत्त लिहिलं : 'गणपूर्तीअभावी तहकूब केलेली सभा त्याच जागी घेण्यात आली. कै. बन्सी मेहेर यांच्या निधनाबद्दल मंडळास तीव्र दुःख होत आहे. ठराव एकमताने मंजूर. उपस्थित सदस्य : एक.'

बावीस वर्षांत तो बन्सीच्या घरी एकदाही गेला नव्हता. तारापूरहून बोईसर एसटीनं अर्ध्या तासावर आहे.