तफीदामावशीचा दगड

माझी तफीदामावशी आर्मंतजवळ कालव्याकाठच्या वस्तीत राहते. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या काठावरची म्हैससुद्धा मान वर करून बघते. गावात ती ओळखली जाते एका गोष्टीमुळे. लग्नानंतर बरीच वर्षं तिची कूस उजवली नव्हती. मग सासूने तिला आगगाडीने आणि पुढे गाढवावरून फेरोंच्या काळच्या कुठल्याशा जुन्या देवळात नेलं, एका दगडाभोवती सात फेऱ्या घालायला लावल्या, आणि बदरी झाला. आमच्याकडच्या बायका आजही गुपचूप हे करतात. मावशी मात्र ते उभ्या गावाला ऐकवत आली.

तीच गोष्ट सुनेच्या मुळावर आली. इनायातला मूल नाही. बदरीचं कडब्याचं दुकान आहे आणि डोकंही तसंच भरलेलं. त्याने जाहीर केलं, "अम्मा, ज्या दगडामुळे मी झालो, तो हिला दाखव. सापडला तर वर्षभर थांबतो. नाहीतर बकरीद झाली की दुसरी आणतो."

शुक्रवारी पहाटे मावशी सुनेला घेऊन माझ्या दारात उभी. मी लक्सरचा परवानाधारक गाइड. गोऱ्या पाहुण्यांना दिवसभर देवळं दाखवून पोट भरतो.

"रिफअत, गाडी काढ. पाहुण्यांना जे जे दाखवतोस ते सगळं आम्हाला दाखव. काही गाळलंस तर बघ."

"मावशी, देऊळ कुठलं ते तरी सांग!"

"तोंडावर पदर होता रे. काळा दगड होता, त्यावर बाई कोरलेली, आणि जवळ पाणी. तू एवढा शिकलेला, शोध की."

आधी मदिनत हाबूच्या देवळात नेलं. तिथं मावशीने प्रत्येक भिंत बघितली, राजाने तोडलेल्या हातांचा कोरलेला ढीग बघून "मेल्याला दुसरा उद्योग नव्हता" म्हणाली, आणि बाहेर येऊन मान हलवली. हे नव्हे. मग दंदराला. तिथं तळं आहे, गाईच्या कानांची देवी आहे, काळा दगडही मिळाला. मी हरखून म्हणालो, "हाच!"

"छे, त्या बाईला गाईचे कान नव्हते."

"अगं, पदराआडून तुला कान दिसले?"

"कान नव्हते म्हणून दिसले नाहीत."

माझं डोकं गरगरायला लागलं. दगड नको म्हणणारी ही बाई देवळाच्या गच्चीवर मात्र चढली, तळघरात वाकून शिरली, छताचा निळा रंग बघत उभीच राहिली. वाटेत उसाचा रस प्यायली, तामियाची गरम भजी खाल्ली, फोटो काढायला लावला. आम्ही नक्की आलोय कशाला, मला कळेना. इनायात मात्र प्रत्येक देवळातून बाहेर पडताना आणखी गप्प होत होती. तिच्याकडे बघून माझा जीव तुटायचा.

अबिदोसला पोचलो तेव्हा बंद व्हायची वेळ झाली होती. मावशीने तिथलेही सगळे गाभारे सावकाश बघितले. पहारेकरी ओरडायला लागला तशी ती अंगणात गेली, सिमेंटच्या ओट्यावर मांडलेल्या फुटक्या दगडांपैकी एकावर हात ठेवला आणि म्हणाली, "हाच!"

मला राहवलं नाही. "मावशी, हा ओटा माझ्या डोळ्यांदेखत बांधलाय. तू आलीस तेव्हा हा दगड मातीखाली होता. आणि हा काळाही नाही!"

इनायातचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी तिची अंडी फोडली होती तेव्हाही तसं पाहिलं नसेल.

"या दारात हात धरला की नवरा-बायको कधी भांडत नाहीत, असं रोज त्या पाहुण्यांना सांगतोस ना? आणि खरं बोलायला तुला आजचाच मुहूर्त मिळाला?"

मी बाजूला सरलो. इनायातने ओट्याभोवती सात फेऱ्या घातल्या. पहारेकऱ्याने पाठ फिरवली.

परतताना इनायात मागे झोपली होती. मी हळूच विचारलं, "मग खरा दगड कुठला?"

"मला काय ठाऊक? मी त्या वेळी पोटुशीच होते. सासूला सांगितलं नव्हतं."

"का?"

"सांगितलं असतं तर तिने आगगाडीत बसवलं असतं का मला? जन्मात दोनदा फिरायला मिळालं. एकदा तेव्हा, एकदा आज."

"आणि दगड कुठलाही चालणार होता तर तीन देवळं कशाला?"

"पहिल्याच देवळात सापडला असता तर तू न्याहारीला घरी आणून सोडलं असतंस."

तेवढ्यात बदरीचा फोन आला. मावशीने तो माझ्याच कानाला लावला. "सापडला का? तू गाइड आहेस, तूच सांग. खात्रीचा आहे ना?"

मी गाडी हळू केली. आरशात बघितलं तर इनायात टक्क जागी होती.

"खात्रीचा," मी म्हणालो. "शंकाच नको."

फोन बंद झाला. मावशीने तो काढून घेतला. मग मागून बारीक आवाज आला, "अम्मा, वर्षभरात नाहीच काही झालं तर?"

"तर दगड चुकला म्हणायचं," मावशी म्हणाली. "आपल्याकडे देवळं काय कमी आहेत?"